चिकटलेला टायर, वाचवायची रिम

रिमोटवर पळणाऱ्या (आरसी) गाडीचा टायर झिजला की नवा टायर मिळवणं तसं सोपं असतं. अडचण येते ती जुना उतरवताना. मोटारसायकलचा टायर पंक्चरवाला दोन पट्ट्या घालून बघता बघता काढतो, कारण तो हवेच्या दाबावर रिमला धरून बसलेला असतो. हवा सोडली की तो मोकळा होतो. आरसी गाडीच्या टायरात दाबाची हवा नसतेच. आत फोमचं कडं असतं. रिमला किंवा टायरला एक-दोन बारीक भोकं असतात, त्यांतून हवा आतबाहेर होते. टायरची कड, म्हणजे टायरवाले जिला बीड म्हणतात ती, रिमच्या खाचेत बसवून दोन्ही बाजूंनी पूर्ण फेरा सुपरग्लूने चिकटवलेली असते.

न चिकटवता भागत नाही. एकास आठ मापाच्या बग्गीचा टायर साधारण 11 सेंटिमीटर व्यासाचा असतो. गाडी ताशी 60 किलोमीटरने पळाली तर हे एवढंसं चाक मिनिटाला सुमारे 2900 फेरे घेतं. त्या वेगात रबर बाहेरच्या अंगाला फुगतं आणि कड खाचेतून सुटू पाहते. त्यात ब्रशलेस मोटरने एकदम ओढ घेतली, की रिम आतल्या आत फिरते आणि टायर मागे राहतो. दगडांवर हळूहळू चढणाऱ्या क्रॉलर गाड्यांना स्क्रूने कड आवळणाऱ्या रिम चालतात, त्यांना डिंक लागत नाही. बाकी बहुतेक सगळ्या गाड्यांना लागतो.

महाडहून रायगडाकडे जाताना लागणारं, सी. डी. देशमुखांचं जन्मगाव असलेलं नाते डोळ्यांपुढे ठेवून टायर सोडवायच्या पद्धतींचा हा आढावा घ्यावासा वाटला, त्याला कारण आहे. अशा गावात ही गाडी बहुधा मुंबई-पुण्याच्या चाकरमानी काका-मामाबरोबर येते. भात कापून झालं की खाचरं मोकळी होतात, बांधांवरून उड्या मारायला याहून चांगली जागा नाही. मात्र वाळून टणक झालेली ढेकळं, कापलेल्या भाताची धसकटं आणि मुरूम यांवर मऊ रबराची नक्षी एका उन्हाळ्यात गुळगुळीत होते. टायर मागवता येतो. टायर बसवलेलं पूर्ण चाक महाग पडतं आणि हव्या त्या मापाचं मिळेलच असं नाही. म्हणजे रिम वाचवणं हाच व्यवहार.

आणि याच तालुक्यात डिंक आणि द्रावक यांची जाण मुबलक आहे. फेविकॉल आणि फेविक्विक बनवणाऱ्या पिडिलाइटचा कारखाना महाडच्या औद्योगिक वसाहतीत आहे. भोवती रंगांचे, औषधांच्या कच्च्या मालाचे, रसायनांचे कारखाने आहेत. थोडं पुढे लोणेऱ्याला 1989 साली स्थापन झालेलं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, तिथे केमिकल आणि मेकॅनिकल दोन्ही शाखा शिकवल्या जातात. पंचक्रोशीतल्या कितीतरी घरांतून कुणी ना कुणी एमआयडीसीत पाळीला जातं आणि ‘सॉल्व्हंट’ हा शब्द त्यांच्या रोजच्या बोलण्यात असतो. प्लांटवरची ही समज घरच्या पडवीपर्यंत आणली पाहिजे, कारण या कामात फसणारे बहुतेक जण माहिती नसल्याने नाही, घाईने फसतात.

आधी डिंक ओळखायचा. कंपनीतून चिकटून आलेल्या किंवा फेविक्विकने घरी चिकटवलेल्या टायरात सायनोॲक्रिलेट असतं. 1942 मध्ये अमेरिकेत ईस्टमन कोडॅकमध्ये हॅरी कूव्हर बंदुकीच्या दुर्बिणीसाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते, तेव्हा हे रसायन हाती लागलं. ते ज्याला-त्याला चिकटतं म्हणून त्यांनी बाजूला टाकलं. 1951 मध्ये सहकारी फ्रेड जॉयनर यांनी त्याचा थेंब दोन प्रिझमच्या मध्ये ठेवला आणि महागडे प्रिझम एकमेकांना कायमचे धरून बसले, तेव्हा त्याचं मोल कळलं. 1958 मध्ये ते ‘ईस्टमन 910’ नावाने बाजारात आलं. हा डिंक वाळत नाही, तो जमतो. पृष्ठभागावरच्या ओलाव्याचा स्पर्श झाला की सुटे रेणू भराभर एकमेकांत गुंफून लांब साखळ्या होतात. कोकणच्या पावसाळ्यात तो इतक्या लवकर जमतो की टायर नीट बसवायलाही सवड मिळत नाही, आणि कडेला पांढुरकी भुकटी धरते.

आपल्या कामाची गोष्ट पुढची आहे. या साखळ्या लांब असल्या तरी एकमेकींना आडव्या बांधलेल्या नसतात. म्हणून योग्य द्रावक आत शिरला की त्या फुगतात, सैल होतात आणि विरघळतात. अराल्डाइटसारख्या इपॉक्सीत साखळ्या आडव्या बांधल्या जातात, तो फुगतो पण विरघळत नाही. कुणी इपॉक्सीने टायर बसवला असेल तर द्रावकाचा नाद सोडून कटर घ्यावा. फेविबॉन्डसारख्या रबराच्या डिंकाने चिकटवला असेल तर तो ओढून, सोलून निघतो. स्पंजाचे टायर लावलेल्या रस्त्यावरच्या रेस गाड्यांत असाच डिंक असतो, ते कापूनच काढतात.

आता दुकानातल्या बाटल्यांकडे वळू. महाडच्या बाजारात हार्डवेअरच्या किंवा रंगाच्या दुकानात ‘चिकटलेलं सोडवायला काहीतरी द्या’ म्हटलं तर बहुतेक वेळा थिनर पुढे येतो. एनसी थिनर म्हणजे टोल्युईन, एस्टर, अल्कोहोल अशांचं मिश्रण. त्याचं प्रमाण ब्रँडगणिक बदलतं. सुपरग्लूवर तो अर्धवट चालतो, आणि डिंक सुटण्याआधी रबर फुगवून ठेवतो. पेट्रोल आणि रॉकेल याबाबतीत निरुपयोगीच आहेत. रबर त्यांत पावासारखं फुगतं आणि सायनोॲक्रिलेट आहे तसं राहतं. पंक्चरवाला जुना ठिगळ काढायला पेट्रोल वापरतो ते बरोबर आहे, कारण त्याचं सोल्युशन म्हणजे विरघळवलेलं रबरच असतं. आपला डिंक वेगळ्या जातीचा. स्पिरिट आणि सॅनिटायझर यांचाही उपयोग नाही. नेलपॉलिश रिमूव्हर चालू शकतो, पण लेबल वाचून. काहींत ॲसिटोनबरोबर पाणी आणि तेल असतं, आणि बऱ्याच रिमूव्हरमधून ॲसिटोन काढून एथिल ॲसिटेट घातलेलं असतं. ते फारच सावकाश काम करतं.

जोरदार द्रावकही आहेत. नायट्रोमिथेन हा सुपरग्लूचा चांगला सोडवणारा आहे. हॉबीच्या दुकानातल्या ‘डीबाँडर’च्या काही छोट्या बाटल्यांत तो असतो. नायट्रो इंजिनाच्या गाड्यांच्या इंधनातही तो असतो. पण त्याची ज्वालाग्राहिता आणि विषारीपणा पाहता घरात जास्त प्रमाणात वापरायची वस्तू नव्हे ती. डायक्लोरोमिथेन तर सांगितलं तरी वापरू नये. ते शरीरात गेलं की त्याचा काही भाग कार्बन मोनॉक्साइड होतो. ॲसिटोनायट्राइल शरीरात सायनाइड सोडतं. एमआयडीसीत ही रसायनं असतात, तिथे ती बंद भांड्यात, नळीतून आणि मास्क लावून हाताळली जातात. कुणी ओळखीने बाटलीतून घरी आणून दिली तरी ती घेऊ नये, हे मी कळकळीने सांगतो.

उरलं ॲसिटोन. माझ्या मते नाते गावातल्या घरासाठी हाच एक द्रावक विचारात घेण्यासारखा आहे. पत्रे आणि टाक्यांचं फायबरकाम करणारे कारागीर रेझिनचे ब्रश याच द्रवाने धुतात, त्यामुळे तो त्यांच्याकडे आणि त्यांना माल पुरवणाऱ्यांकडे शुद्ध मिळतो. देशात तो फिनॉलबरोबरच बनतो. क्युमीनपासून फिनॉल करताना दर टन फिनॉलमागे सुमारे 0.6 टन ॲसिटोन आपोआप निघतं. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या हर्डिलिया केमिकल्सने हे काम केलं. हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्सचा पहिला कारखाना आपल्याच जिल्ह्यात रसायनीला, पण तिचा फिनॉल-ॲसिटोनचा कारखाना कोचीला. आता दहेजच्या दीपक फिनॉलिक्सकडूनही मोठा पुरवठा होतो. म्हणून तो दुर्मीळ नाही आणि फार महागही नाही.

त्याचा प्रत्येक भागावर काय परिणाम होतो हे पाहिलं की पुढची पद्धत आपसूक ठरते. रिम बहुधा नायलॉनची असते आणि नायलॉनला ॲसिटोन काही करत नाही. पण चकचकीत क्रोम केलेल्या किंवा स्वस्त खेळण्याच्या रिम पुष्कळदा एबीएस प्लास्टिकच्या असतात. ॲसिटोनमध्ये एबीएस चिकट लगदा होऊन बसतं. पॉलिकार्बोनेटला बारीक तडे जातात. म्हणून पहिली चाचणी रिमच्या मागच्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी एका थेंबाची. थोड्या वेळाने तिथे बोट चिकटलं किंवा ठसा उमटला तर ॲसिटोन तिथेच थांबवायचं.

रबराचं थोडं वेगळं. टायर विरघळत नाही, पण त्यातलं मऊपणा देणारं तेल आणि मेण बाहेर येतं. रबराच्या प्रयोगशाळेत ही तेलं मोजायला मुद्दाम ॲसिटोनने अर्क काढतात, यावरून त्याची ओढ कळते. दिवसभर बुडवलेला टायर वाळल्यावर जरा कडक होतो. सरावाला चालेल, शर्यतीला नाही. फोमचं सर्वांत वाईट. साधा, छिद्रं उघडी असलेला फोम ॲसिटोन पिऊन फुगतो, ओला असताना ओढला तर फाटतो. शिवाय भांड्यातला निम्मा द्रावक तोच शोषून घेतो. साच्यात घडवलेला बंद छिद्रांचा फोम जास्त टिकतो, पण तोही आकार सोडतो.

इथे येऊन मला एकच गोष्ट ठासून सांगायची आहे. ‘कोणता द्रावक’ हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न म्हणजे नेमकं वाचवायचं काय. या विषयावर जे सल्ले फिरतात त्यांतले बहुतेक हा प्रश्न न विचारता थेट पूर्ण चाक डब्यात बुडवायला सांगतात. टायर नवाच आहे आणि रिम तुटली आहे, म्हणजे टायर वाचवायचा आहे, तर पूर्ण बुडवणं समजण्यासारखं आहे. मग रिमच आधी कापून काढता येईल का, हेही पाहावं. पण आपल्याकडे नव्वद वेळा टायर झिजलेला असतो आणि रिम हवी असते. झिजलेला टायर अखंड ठेवून द्रावकात घालण्यात शहाणपण नाही.

अशा वेळी करायचं ते असं. धारदार कटरने टायरच्या बाजूच्या भिंतीत, रिमच्या काठापासून अर्ध्या सेंटिमीटरवर चीर द्यायची आणि पातं रिमपासून लांब ठेवून गोल फिरवायचं. हात पात्याच्या मागे, पुढे कधीच नाही. दोन्ही बाजू कापल्या की टायरचा मधला भाग एखाद्या पट्ट्यासारखा सुटतो आणि आतला फोम कोरडा, धड बाहेर येतो. तो पुन्हा वापरता येतो. रिमवर उरतं फक्त खाचेत बसलेलं रबराचं अरुंद कडं, दोन्ही बाजूंना एकेक. आता भिजवायचं आहे ते एवढंच.

हे कडं भिजताना नीट पाहण्यासारखं असतं. आधी तासभर काहीच होत नाही. मग खाचेच्या काठावर, जिथे डिंकाचा ओघळ जमलेला असतो, तिथे काचेसारखा पारदर्शक थर धुकट पांढरा होऊ लागतो. नखाने दाबला तर पूर्वी तो टणक असायचा, आता साबणाच्या ओल्या वडीसारखा दबतो. अशा जागी बोथट स्क्रूड्रायव्हरचं टोक घालून कडं जरासं उचललं, की त्याच्यामागे मऊ, दोऱ्यांसारखा ताणला जाणारा डिंक दिसतो. तिथून पुढे जबरदस्ती करायची नसते. जिथपर्यंत सैल झालंय तिथपर्यंतच सोलायचं. अडलं की पुन्हा भिजवायचं. नायलॉनच्या खाचेचा ओठ बारीक असतो, ओढाताणीत तोच चेपतो, आणि मग नवा टायर कधीच नीट बसत नाही.

भांडं घट्ट झाकणाचं स्टीलचं असावं, किंवा जाड पॉलिथीनच्या झिपच्या दोन पिशव्या एकात एक घालाव्यात. थर्माकोल आणि पारदर्शक कडक प्लास्टिकचे डबे नकोत, थर्माकोल तर पाहता पाहता नाहीसा होतो. द्रावक कमी लागावा म्हणून डब्यात रिमच्या भोवती आणि मध्ये काचेच्या गोट्या भरायच्या. जागा गोट्या घेतात, पातळी वर येते. एका रिमला काही तास ते एक रात्र पुरते. एकेक रिम घेतली तर तोच ॲसिटोन चारही रिमना चालतो.

उष्णतेच्या पद्धतींचीही बाजू आहे, आणि एका बाबतीत ती द्रावकाहून भारी आहे. सुपरग्लूची ताकद साधारण 80 अंश सेल्सियसच्या वर घटू लागते आणि गरम ओलावा त्याला आणखी पोखरतो. म्हणून रिमवरची कडी उकळत्या पाण्यात अर्धा-पाऊण तास ठेवली तर बऱ्याचदा गरम असतानाच सोलता येतात. एबीएसच्या रिमला मात्र उकळतं पाणीही नको, ती त्या उष्णतेला मऊ पडून वाकडी होऊ शकते. नायलॉन थोडं पाणी पितं आणि पाणी प्यायलेलं नायलॉन चिवट होतं, ठिसूळ राहत नाही. आरसीवाले नवे नायलॉनचे भाग मुद्दाम उकळतात ते याचसाठी. भट्टीत किंवा ओव्हनमध्ये भाजायची पद्धत याच्या नेमकी उलट. कोरड्या उष्णतेने नायलॉनमधला ओलावा जातो आणि पहिल्याच धडकेत रिम तडकते. शिवाय तापलेला सायनोॲक्रिलेट पुन्हा वाफ होऊ लागतो, ती डोळ्यांना आणि घशाला झोंबते. स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये हे करू नये.

माझा कल म्हणून असा: कापून फोम काढायचा, मग नायलॉनची रिम एकदा उकळून पाहायची, आणि उरलं तरच ॲसिटोन. उकळायचं पातेलं या कामाला वेगळं ठेवायचं, जेवणाला पुन्हा घ्यायचं नाही.

ॲसिटोनच्या आगीबद्दल काळजी घेताना मात्र कुठेही हात आखडता घेऊ नये. तो 56 अंशांना उकळतो, पण पेट घेण्याइतकी वाफ उणे 20 अंशांच्या आसपासही देतो. म्हणजे आपल्या हवेत तो कायम पेट घ्यायच्या तयारीत. हवेत त्याची वाफ अडीच टक्क्यांच्या आसपास झाली की ठिणगी पुरते. ती वाफ हवेच्या दुप्पट जड असते, वर जात नाही, जमिनीवरून पसरते आणि उंबरा ओलांडून जाते. पडवीत डबा उघडला तर स्वयंपाकघरातल्या चुलीपर्यंत, देवघरातल्या समईपर्यंत, खाटेखाली पेटवलेल्या मच्छर अगरबत्तीपर्यंत ती पोचू शकते. वीज गेली म्हणून मेणबत्ती लावून हे काम कधीही करू नये. दिवसा, अंगणात, घरापासून आणि गोठ्यापासून लांब, वारा घराकडे नसताना करावं. डबा उन्हात ठेवू नये. महाडच्या लोकांना रसायनाच्या आगीची ओळख करून द्यायला नको. 3 नोव्हेंबर 2023 ला याच वसाहतीत ब्ल्यू जेट हेल्थकेअरच्या कारखान्यात स्फोट होऊन आग लागली, कामगारांचे जीव गेले. एका डब्याची आग तेवढी मोठी नसते, पण गवताचं छप्पर आणि पेंढा यांना ती पुरते.

हातमोज्यांबद्दल एक गैरसमज मोठा आहे. मेडिकलमध्ये मिळणारे निळे नायट्राइलचे मोजे ॲसिटोनला काही मिनिटांत शरण जातात. ब्युटाइल रबराचे उत्तम, ते न मिळाल्यास भांडी घासायचे जाड रबरी मोजे, तेही शिंतोड्यांपुरते. हात बुडवायचा नाही, चिमट्याने काढायचं. सुती मोजे घालून सुपरग्लू हाताळू नये. सुताला तो लागला की झपाट्याने जमतो आणि कातडी भाजेल इतकी उष्णता सोडतो. मुलांनी कापणं आणि द्रावक ही दोन्ही कामं करू नयेत. टायर बसवणं, घासणं, बॅटरी चार्ज करायला शिकणं, यांत त्यांना गुंतवायला भरपूर जागा आहे.

काम झाल्यावर उरलेल्या ॲसिटोनचं काय, हा प्रश्न या भागात तरी हलका नाही. तो मोरीत ओतला की शोषखड्ड्यात, तिथून विहिरीच्या पाण्यात. गटारात ओतला की ओढ्यात, आणि ओढे पुढे गांधारी-सावित्रीला मिळतात. कारखान्यांच्या सांडपाण्याने सावित्रीच्या खाडीतल्या मासेमारीचं काय झालं हे दासगावपासून खाली राहणारे लोक सांगतात. ज्या नदीसाठी आपण कारखान्यांकडे बोट दाखवतो, तिच्यात आपल्या डब्यातलं एक भांडंही जाता कामा नये. ते टाळणं अवघडही नाही. गाळलेला ॲसिटोन घट्ट झाकून, चिठ्ठी लावून पुढच्या वेळेसाठी ठेवावा. डिंकाने दाट झाला की उघड्या अंगणात, कुणी जवळ नसताना, रुंद ताटलीत वाळू द्यावा. तळाला उरलेली पापडी सुक्या कचऱ्यात जाते.

मोकळी झालेली रिम साबणाच्या पाण्याने धुऊन, जुन्या टूथब्रशने खाच घासून, एक दिवस सावलीत वाळवायची. नव्या टायरच्या कडेवर साच्यातून सुटावं म्हणून लावलेला मेणकट थर असतो. तो बारीक सँडपेपरने घासून, फडक्याला दोन थेंब ॲसिटोन लावून पुसला नाही तर डिंक रबराला धरतच नाही. मग लोक जास्त डिंक ओततात, आणि पुढच्या वर्षी तोच डिंक काढत बसतात. पातळ सुपरग्लू, बारीक नळी, कड बोटाने किंचित मागे सारून एकेक थेंब खाचेत आणि लगेच दाब. फेरा पूर्ण करायचा पण ओघळ दिसेल इतका नाही. एक बाजू जमली की दुसरी. हे काम दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत करावं, जुलैत नाही.